काळाचा भोवरा

पोलाद कारखान्यातील झोतभट्टीला रात्र नसते. ती अचानक थंड झाली, तर आतील वितळलेले लोखंड गोठून भट्टीच निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून छत्तीसगडमधील भिलाईच्या कारखान्यात कामगार पाळीपाळीने येतात. एक पाळी संपते, दुसरी सुरू होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावाचा दिवस पाळ्यांच्या गणिताने चालत आला आहे. तेच फाटक, तोच भोंगा, तेच काम. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, की येथे कालचाच दिवस आज पुन्हा आला आहे.

हे साम्य कल्पनेच्या टोकापर्यंत ताणले, तर विज्ञानकथेतील एक लोकप्रिय कल्पना हाती येते. दिवस मावळतो आणि दुसऱ्या सकाळी उद्या उगवण्याऐवजी तोच दिवस पुन्हा उगवतो. माणसे तीच वाक्ये बोलतात, पेला त्याच क्षणी हातातून निसटतो, अपघात त्याच वळणावर होतो. नदीच्या भोवऱ्यात सापडलेले पान गरगर फिरून पहिल्या जागी यावे, तसा काळ फिरत राहतो. यालाच ‘टाइम लूप’ म्हणतात. मराठीत त्यास ‘काळाचा भोवरा’ म्हणता येईल. आपल्या परंपरेतील युगांच्या चक्राहून ही कल्पना वेगळी आहे. युगचक्रात अवघे विश्व फिरते. भोवऱ्यात मात्र काही तासांचाच तुकडा फिरतो, आणि तो फिरतो आहे हे सहसा एखाद्यालाच कळते.

चीनमध्ये २०२२ साली प्रसारित झालेली ‘रीसेट’ ही पंधरा भागांची दूरचित्रवाणी मालिका याचे उत्तम उदाहरण होय. एक विद्यार्थिनी शहरातील बसमधून प्रवास करीत असते. दुपारी पावणेदोनच्या सुमारास बसमध्ये स्फोट होतो आणि सर्व प्रवासी मरण पावतात. परंतु ती विद्यार्थिनी त्याच बसमध्ये, स्फोटाच्या काही वेळ आधी, पुन्हा जागी होते. लवकरच एक तरुण सहप्रवासीही या भोवऱ्यात ओढला जातो. प्रारंभी दोघे केवळ स्वतःचा जीव वाचवू पाहतात. पुढे त्यांच्या ध्यानात येते, की आपण उतरून गेलो तरी उरलेले प्रवासी मरणारच आहेत. मग प्रत्येक फेरीत ते एकेका प्रवाशाला न्याहाळू लागतात: कोणाच्या पिशवीत काय आहे, कोण कोठे चढला, कोण कोणाशी बोलला. अखेर कळते, की स्फोटके एका प्रेशर कुकरमध्ये दडवलेली आहेत आणि ती आणणाऱ्या जोडप्याने आपली मुलगी पूर्वी याच मार्गावर गमावलेली आहे. त्या मृत्यूचे समाधानकारक उत्तर त्यांना कधी मिळालेले नसते. अशा रीतीने स्फोट कसा थांबवावा, या प्रश्नातून तो का घडला, हा अधिक खोल प्रश्न उभा राहतो.

या कथांचे रहस्य कोठे आहे? दिवस परत येतो, यात ते नाही. सर्व काही पूर्ववत होऊनही एक गोष्ट पूर्ववत होत नाही, यात ते आहे. ती गोष्ट म्हणजे स्मरण. जखम बुजते, फुटलेली काच सांधते, मेलेला माणूस उठून बसतो. पण नायिकेला मागील फेरीत कळलेले पुढील फेरीतही कळलेलेच राहते. ही सवलत काढून घेतली, तर कथाच उरत नाही. कारण ज्यांना काहीच आठवत नाही, त्यांना आपण भोवऱ्यात आहोत हेही कधी कळणार नाही.

विज्ञानाच्या कसोटीवर ही सवलत टिकत नाही. १९४९ साली गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी दाखवून दिले, की आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून असे एक फिरते विश्व संभवते, ज्यात पुढे पुढे जाणारी वाट आपल्याच भूतकाळाला येऊन मिळते. मात्र आपले विश्व तसे असल्याचा पुरावा मिळालेला नाही. १९९२ साली स्टीफन हॉकिंग यांनी तर, निसर्गाचे नियम अशा वाटा तयारच होऊ देत नसावेत, असे अनुमान मांडले. शिवाय स्मरण हीदेखील मेंदूतील पेशींची एक रचनाच आहे. सगळे पदार्थ जर मागील स्थितीला गेले, तर मेंदूही जाईल आणि त्यासोबत आठवणही पुसली जाईल.

ही अडचण ओळखून रचलेली एक कथा मार्च १९९२ मध्ये ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेत दाखवण्यात आली. तिच्यात एक अंतराळयान दुसऱ्या यानावर आदळून नष्ट होते आणि हीच घटना पुनःपुन्हा घडते. यानावरील कोणालाही मागची फेरी आठवत नाही. फक्त ‘हे पूर्वी घडले आहे’ असा अस्पष्ट भास होतो. शेवटी यानावरील यंत्रमानव नष्ट होण्यापूर्वी पुढच्या फेरीतील स्वतःसाठी एक खूण सोडतो. ती खूण म्हणजे तीन हा आकडा. ज्या अधिकाऱ्याच्या गणवेशावर तीन बिंदू आहेत, त्याचाच उपाय योग्य होता, असा तिचा अर्थ. तो उमगताच टक्कर टळते. येथे स्मरणाचे काम एका छोट्या नोंदीने केले आहे.

मराठी वाचकाला काळाशी असा खेळ नवा नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतच्या रणात एक गोळी विश्वासरावांना लागता लागता चुकते आणि हिंदुस्थानचा पुढचा सारा इतिहास बदलतो. ‘तो एक क्षण वेगळा गेला असता तर?’ हाच प्रश्न काळाच्या भोवऱ्याच्या कथाही विचारतात. फरक इतकाच, की त्या तो क्षण माणसाच्या हाती पुन्हा पुन्हा देतात.

प्रत्यक्ष जीवनात तो क्षण हाती येत नाही. दल्ली-राजहराच्या खाणीतील खनिज भिलाईला येते, वितळते, त्याचे पोलाद होते, रूळ होतात. रूळ गंजला तर लोखंडाचे पुन्हा ऑक्साइड होते. पण त्यामुळे खर्च झालेला कोळसा परत येत नाही किंवा धुराड्यातून गेलेली उष्णता माघारी फिरत नाही. निसर्गातील अशा घटना एकाच दिशेने जातात.

दुर्घटनाही तशाच. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात पंपगृहाच्या परिसरात बिघाड होऊन वायुगळती झाली. तीत दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांसह सहा जण दगावले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथेच वायुवाहिनीच्या देखभालीचे काम चालू असताना आग भडकली आणि दहाहून अधिक जणांनी प्राण गमावले. त्या घरांतील माणसांना तो दिवस पुन्हा मिळावा असे किती वेळा वाटले असेल! परंतु तशी सवलत कोणालाही मिळालेली नाही.

मग माणसाच्या हाती काय उरते? दिवस परत आणता येत नसला, तरी त्या दिवसाने शिकवलेले पुढील दिवसाला देता येते. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याच्या हाती नोंदवही सोपवतो. कोणती झडप गळते आहे, कोणत्या नळीचा दाब घसरला आहे, कोणते काम अर्धे राहिले आहे, हे तीत लिहिलेले असते. अंतराळयानातील त्या तीन आकड्याचे काम येथे ही वही करते. ती ओळ लिहायची राहिली, तर पुढची पाळी अज्ञानातच कामाला लागते.

दुसरा उपाय म्हणजे सराव. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर भारतात धोकादायक रसायनांविषयी १९८९ साली नियम करण्यात आले. त्यांनुसार अशी रसायने ठरावीक प्रमाणाहून अधिक बाळगणाऱ्या कारखान्यांना आपत्कालीन योजनेचा सराव, म्हणजेच मॉक ड्रिल, दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो. भोंगा वाजतो, यंत्रे बंद केली जातात, माणसे वाऱ्याची दिशा पाहून ठरलेल्या जागी जमतात आणि त्यांची मोजणी होते. वायुगळतीत ही शिस्त जिवाची असते. कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो; श्वसनयंत्राशिवाय मदतीला धावणारा स्वतःच कोसळू शकतो. मन सांगते, ‘धाव’. सराव सांगतो, ‘आधी मुखवटा लाव’.

अशा सरावात एकदा दार उघडत नाही, एकदा भोंगा ऐकू येत नाही, एकदा मोजणीत एक माणूस कमी भरतो. या चुकांनी कोणाचा जीव जात नाही, म्हणून त्या मोलाच्या आहेत. त्या लिहून ठेवल्या, दार दुरुस्त झाले, भोंगा बदलला, म्हणजे पुढील फेरी पहिलीहून चांगली होते. मालिकेतील विद्यार्थिनीला प्रत्येक धडा शिकण्यासाठी मरावे लागत होते. सरावात तोच धडा सर्वांना जिवंतपणी मिळतो. कामगार मग आपली नावे नोंदवून कामावर परततात आणि पाळी पुढे सुरू होते.