फितूर सर्व्हरचा जबाब

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेल्या दरोड्यात एकही कुलूप तुटलं नाही. शनिवारी, ११ तारखेला, २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले आणि भारतातून आणखी अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्फत १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं की पैसे द्यायचे का, हा प्रश्न स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो. चोरांनी मधेच बनावट स्विच उभा केला आणि होकार परस्पर तिथूनच दिला. मुख्य प्रणालीला पत्ताच नाही. बँकेची यंत्रणाच खोटा होकार देत होती, म्हणूनच घुसखोरी झालेल्या सर्व्हरच्या जबाबावर विसंबून त्याला निर्दोष ठरवू नये, असं माझं म्हणणं आहे.

सर्व्हरमध्ये शिरलेला चोर पुन्हा येता यावं म्हणून चोरवाटा (बॅकडोअर) ठेवून जातो. त्यांच्या नेहमीच्या जागा तपासनिसांना पाठ असतात: वेबसाइटच्या फोटोंच्या फोल्डरात पडलेली पीएचपी फाइल, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या ‘क्रॉन’मध्ये रात्री चालणारी अनोळखी आज्ञा, कोणाच्या किल्लीला प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमधली एक जादा ओळ. ही ओळ राहिली तर पासवर्ड कितीही बदला, चोर स्वतःच्या किल्लीने आत येतो. फाइलवर जुनी तारीख टाकणं तर ‘टच’ या एका आज्ञेचं काम. खरी पंचाईत रूटकिट या स्वतःला लपवणाऱ्या प्रोग्रामची. ते कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, ठाण मांडू शकतं आणि चालू प्रोग्रामांची यादी मागितली की स्वतःचं नाव गाळून ती पुढे करतं. त्याच यंत्रावर चालवलेल्या अँटिव्हायरसच्या हातीही तीच गाळीव यादी पडू शकते. म्हणून डिस्कची नक्कल दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावर उघडायची, सिस्टिम फाइलींचे हॅश, म्हणजे डिजिटल ठसे, मूळ पॅकेजशी ताडायचे आणि हे यंत्र कोणाकोणाशी बोलत होतं ते बाहेरच्या फायरवॉलच्या नोंदींत शोधायचं.

एवढा खटाटोप कशाला, सर्व्हर पुसून नव्याने उभारावा, असं कोणी म्हणेल. पुसायलाच हवा. पण चोर कधी शिरला हे न शोधता पुसला, तर जुना बॅकअप चढवताना बॅकडोअरही परत चढण्याचा धोका असतो, आणि शिरण्याची मूळ फटही उघडीच राहते. छोट्या पतसंस्थेला हे परवडत नाही, हा आक्षेप अधिक वजनाचा. फॉरेन्सिक तज्ज्ञ महाग असतात, हे खरंच. पण सर्व्हरच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या यंत्रावर जपायला तेवढा खर्च येत नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं आणि नोंदी १८० दिवस जपणं बंधनकारक आहे. त्या नोंदी फक्त त्याच सर्व्हरवर असतील, तर चोर जाताना त्याही पुसून जाऊ शकतो. आपल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशाचा दर विचारून झाला की या नोंदी कुठे ठेवता, एवढंही विचारा.