कोर्टातला दुभाषी

दुभाषी आणि भाषांतरकार : दुभाषी बोललेले तिथल्या तिथे तोंडी सांगतो. भाषांतरकाराचे काम कागदावरचे.

कोर्टाची भाषा : २१ जुलै १९९८च्या अधिसूचनेनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठी, शिरूर, दौंडही त्यातच. तिथल्या रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतल्या परप्रांतीय कामगारांपैकी अनेकांना ती परकी.

आरोपीचा हक्क : न कळणाऱ्या भाषेतली साक्ष आरोपीला, तो हजर असताना, खुल्या न्यायालयात त्याला समजेल अशा भाषेत सांगावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३१४ (१ जुलै २०२४पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम २७९).

शपथ : साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही, शपथ अधिनियम, १९६९. खरे तेच सांगण्याचे बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१७चे.

प्रमाणपत्र : भारतात देशपातळीवरची एकच परीक्षा नाही. अमेरिकेत संघीय न्यायालयांसाठी १९७८पासून कायदा.