डिजिटल प्रमाणपत्र व खाजगी किल्ली : फाईलची स्वरूपे आणि सुरक्षित साठवण

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 अन्वये डिजिटल स्वाक्षरीला भारतात कायदेशीर मान्यता मिळाली. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीयुक्त सातबारा उपलब्ध झाला. त्यामुळे गडचांदूर परिसरातील शेतकऱ्यालाही तो ऑनलाईन मिळू लागला. अशा उताऱ्याची विश्वासार्हता स्वाक्षरी करणाऱ्याच्या खाजगी किल्लीच्या, म्हणजेच 'प्रायव्हेट की'च्या, गोपनीयतेवर अवलंबून असते.

प्रमाणपत्र व किल्ली यांतील भेद :
प्रमाणपत्रात धारकाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत व प्रमाणन प्राधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. ते कोणालाही देता येते. खाजगी किल्ली मात्र स्वाक्षरी निर्माण करते. ती ज्याच्या हाती, त्याला धारकाच्या नावे स्वाक्षरी करता येते.

फाईलची प्रमुख स्वरूपे :
1) डीईआर : माहिती द्विमान स्वरूपात साठविली जाते. 'सीईआर' फाईलमध्ये बहुधा केवळ प्रमाणपत्र असते.
2) पीईएम : तीच माहिती बेस-64 पद्धतीने मजकुरात मांडली जाते. यात प्रमाणपत्र, किल्ली किंवा दोन्हीही असू शकतात. म्हणून फाईल पाठविण्यापूर्वी आतील शीर्षक-ओळी तपासाव्यात.
3) पीकेसीएस-12 : 'पीएफएक्स' किंवा 'पी12' या फाईलमध्ये प्रमाणपत्र व किल्ली पासवर्डच्या संरक्षणात एकत्र ठेवता येतात. 2017 मधील जावा 9 पासून जावानेही स्वतःच्या जेकेएसऐवजी हेच स्वरूप मूलभूत मानले.

सुरक्षिततेचा प्रश्न :
पासवर्ड असला तरी फाईलची नक्कल करता येते. नक्कल करणारा आपल्या संगणकावर कितीही वेळा पासवर्डचा अंदाज घेऊ शकतो आणि धारकास त्याचा पत्ताही लागत नाही. क्रिप्टो टोकनमध्ये किल्ली उपकरणातच तयार होते, स्वाक्षरीही आतच होते. किल्ली बाहेर काढता येत नाही. चुकीचा पिन वारंवार दिल्यास टोकन बंद होते. तथापि, टोकन व पिन दोन्ही दुसऱ्याकडे सोपविल्यास हे संरक्षण निरर्थक ठरते. कार्यालयीन सोयीसाठी ही प्रथा पडू देणे धोक्याचे आहे. कायद्याच्या कलम 42 नुसार किल्लीवर नियंत्रण राखण्यासाठी वाजवी काळजी घेणे आणि किल्ली उघड झाल्यास प्रमाणन प्राधिकाऱ्यास विनाविलंब कळविणे ही धारकाची जबाबदारी आहे.

निष्कर्ष :
प्रमाणपत्र वाटण्यासाठी असते, किल्ली जपण्यासाठी. फाईलचे स्वरूप ओळखल्यास यांपैकी आपण काय हाताळत आहोत हे कळते. ज्या स्वरूपात किल्लीची नक्कलच होऊ शकत नाही, तेच स्वाक्षरीसाठी अधिक सुरक्षित होय.