मत एकाचे, हप्ता दुसऱ्याचा

मुलगा किंवा मुलगी एमएससाठी अमेरिकेला निघाली की विद्यापीठाचे पहिल्या सत्राचे बिल घरात अनेकदा वाचले जाते. शिकवणी शुल्काचा मोठा आकडा, विम्याचा आकडा, आणि त्याखाली बारीक रकमांची रांग: बस, व्यायामशाळा, आरोग्य केंद्र, स्टुडंट युनियन. ही शेवटची रक्कम मूळ फीच्या तुलनेत किरकोळ असते, म्हणून तिच्यावर बोट ठेवून कोणी काही विचारत नाही. त्या ओळीमागे मात्र बहुधा कोट्यवधी डॉलरचे कर्ज उभे असते. ते वीस-तीस वर्षांत फेडायचे असते, आणि ते काढायला ज्यांनी होकार दिला त्यांतले बहुतेक विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच निघून गेलेले असतात. दुसऱ्यांच्या मताने आपण हप्ता भरावा, हे वरवर अन्यायाचे दिसते. माझे मत वेगळे आहे. विद्यार्थ्यांच्या मताने, विद्यार्थ्यांच्या फीवर कर्ज काढून अशी इमारत बांधणे ही आजवरच्या पद्धतींतली सर्वांत न्याय्य पद्धत आहे. पण जो हप्ता भरतो त्याच्या हाती कारभार राहिला, तरच ती न्याय्य ठरते. ही अट पाळली जातेच असे नाही.

ही इमारत म्हणजे निवडणुका लढवणाऱ्या संघटनेचे कार्यालय नव्हे. खानावळ, सभागृह, पुस्तकांचे दुकान, नाटकाच्या तालमीची जागा, क्लबांच्या खोल्या, आणि दोन तासांमधल्या रिकाम्या वेळेत नुसते बसायला खुर्च्या, असे सगळे एका छपराखाली असते. मुद्दाम या कामासाठी बांधलेली जगातली सर्वांत जुनी इमारत एडिंबराची, १८८९ सालची. तिच्या निधीसाठी १८८६ मध्ये तिथे मोठी जत्रा भरवली गेली आणि जत्रेसाठी काढलेल्या पुस्तकात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सननेही लेख दिला. अमेरिकेतली पहिली इमारत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले ह्यूस्टन हॉल. एका धनाढ्य कुटुंबाने दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले आणि १८९६ च्या जानेवारीत ते उघडले. म्हणजे सुरुवातीचा पैसा देणगीचा होता, आणि देणगीबरोबर देणाऱ्यांची रीतही येते. मिशिगन विद्यापीठाची युनियन १९१९ मध्ये उभी राहिली ती पुरुषांसाठी. बायकांना पुढच्या दाराने आत येता येत नसे, आणि हा नियम सुटायला १९५० चे दशक उजाडावे लागले. तिथल्या विद्यार्थिनींनी आणि माजी विद्यार्थिनींनी या नियमाविरुद्ध अर्ज-विनंत्या करण्यात आयुष्य घालवले नाही. त्यांनी दहा लाखांहून अधिक डॉलर जमवले आणि १९२९ मध्ये मिशिगन लीग नावाची स्वतःची वेगळी इमारत उघडली. दार कोणासाठी उघडायचे हे पैसा कोणाचा यावर ठरते, ही गोष्ट त्यांना विद्यापीठाच्या नियामकांपेक्षा लवकर कळली होती.

विस्कॉन्सिन विद्यापीठाची कथा याच्या पुढची आहे. तिथले अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी १९०४ मध्येच अशा इमारतीची गरज बोलून दाखवली होती, पण राज्याच्या तिजोरीतून त्यासाठी पैसा येईना. अखेर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्याकडून वर्गणी गोळा झाली. १९२५ मध्ये पायाची कुदळ पडली आणि १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये मेमोरियल युनियन उघडली. सुरुवातीला ज्यांनी वर्गणीचा शब्द दिला, त्यांतल्या पुष्कळांना तिथे विद्यार्थी म्हणून एक कप कॉफीही प्यायला मिळाली नसणार. (बिअर तर १९३३ मध्ये आली, आणि सरकारी विद्यापीठाच्या युनियनमध्ये बिअर मिळण्याची ती पहिली वेळ म्हणून तिथले लोक आजही मिरवतात.) तरी तो व्यवहार स्वच्छ होता, कारण देणारा राजीखुशीने देत होता. आणखी महत्त्वाचे म्हणजे इमारतीचा कारभार ज्या मंडळाकडे गेला, त्याचा अध्यक्ष विद्यार्थी असतो आणि त्यात बहुमतही विद्यार्थ्यांचे असते.

वर्गणीचे दिवस दुसऱ्या महायुद्धाने संपवले. सैन्यातून परतलेल्या तरुणांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली आणि १९४७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्यांतले जवळपास निम्मे माजी सैनिक होते. तेव्हाच्या इमारती या गर्दीला पुरणाऱ्या नव्हत्या. १९५० च्या गृहनिर्माण कायद्याखाली केंद्र सरकार वसतिगृहांसाठी स्वस्त कर्ज देऊ लागले होते, आणि १९५५ मध्ये ती सवलत विद्यार्थी केंद्रांनाही मिळाली. पण कर्ज फेडायचे तर खात्रीचे उत्पन्न दाखवावे लागते आणि वर्गणीची खात्री कोणी देत नाही. म्हणून सक्तीची फी आली. आज विद्यापीठे रोखे विकून पैसा उभारतात, आणि रोखे घेणारा गुंतवणूकदार इमारतीच्या नकाशाआधी विद्यार्थ्यांची पटसंख्या पाहतो. त्याचे कारण साध्या हिशेबात दिसते. समजा, दहा कोटी डॉलर चार टक्के व्याजाने तीस वर्षांसाठी घेतले. वर्षाचा हप्ता सुमारे ५८ लाख डॉलर होतो आणि तीस वर्षांत एकूण १७ कोटींच्या वर रक्कम जाते. चाळीस हजार विद्यार्थी असतील तर माणशी वर्षाला सुमारे १४५ डॉलर पडतात. पट तीस हजारांवर उतरला तर तोच आकडा १९३ होतो. दुकानांचे भाडे आणि सभागृहाचे आरक्षण यांतून थोडा भार हलका होतो, पण कणा फीचाच असतो.

आता मुख्य आक्षेप. दहा वर्षांनी प्रवेश घेणाऱ्या मुलाने मत दिलेले नाही, मग त्याच्यावर हा हप्ता लादायचा अधिकार आजच्या मुलांना कोणी दिला? प्रश्न खरा आहे, पण त्याला पर्याय काय आहे हेही पाहायला हवे. कर्ज न काढता आधी पैसा साठवून बांधायचे म्हटले, तर आजच्या चार-पाच वर्षांतले विद्यार्थी फी भरून निघून जातात आणि इमारत फुकटात पुढच्यांना मिळते. मत देणारा आणि वापरणारा यांची ताटातूट तिथेही होते, आणि पैसे भरणारा व वापरणारा यांचीही होते. कर्जामुळे निदान ही दुसरी ताटातूट टळते. जो खुर्चीत बसतो तोच तिचा हप्ता भरतो. अट एवढीच की फी इमारत उघडल्यापासून सुरू व्हावी. ती नकाशे काढण्याच्या काळापासून वसूल होऊ लागली, तर दोन वर्षांच्या एमएससाठी आलेला विद्यार्थी केवळ पत्र्याचे कुंपण आणि क्रेन पाहण्याचे पैसे देऊन परत जातो. त्यातही एक गंमत आहे. ज्या परदेशी विद्यार्थ्याला त्या देशातल्या बहुतेक नगरपालिकांसाठीही मत देता येत नाही, त्याला अशी फी लावायची की नाही या विद्यापीठातल्या सार्वमतात सहसा मत देता येते, आणि पणाला लागलेली रक्कम एखाद्या गावाच्या वार्षिक अंदाजपत्रकाहून मोठी असू शकते.

सार्वमताची खरी दुखरी जागा मतदानाची टक्केवारी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या धोरणानुसार नवी सक्तीची फी लावण्याच्या सार्वमतात किमान वीस टक्के विद्यार्थ्यांनी मत द्यायला हवे. म्हणजे शंभरातल्या अकरांनी ‘हो’ म्हटले तरी उरलेले एकोणनव्वद आणि त्यांच्यामागून येणारे हजारो जण बांधले जाऊ शकतात. मला हा उंबरठा फार खाली वाटतो. तीस वर्षांचे ओझे टाकणाऱ्या प्रश्नाला वर्षभराच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीपेक्षा वरचे माप लावायला हवे. त्याच धोरणातला दुसरा नियम मात्र घेण्यासारखा आहे. अशा फीतला किमान चौथा हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी बाजूला काढावा लागतो. सरसकट फी गरिबाला जास्त टोचते, या आक्षेपाला ते निम्मे उत्तर आहे. निम्मेच, कारण हा चौथा हिस्सा आकाशातून पडत नाही. हप्त्यासाठी १४५ डॉलर हवे असतील तर १९३ आकारावे लागतात, आणि वरची रक्कम इतर विद्यार्थी भरतात, ज्यांत मदतीच्या निकषात थोडक्यात न बसणारेही असतात. याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये अशाच फीला कौल दिला. तिथल्या जुन्या एशलमन हॉलला भूकंपाचा धोका होता. ते पाडून २०१५ मध्ये नवे उभे राहिले आणि शेजारच्या विद्यार्थी केंद्राचाही कायापालट झाला. प्रकल्प २२ कोटी डॉलरच्या घरातला होता आणि खर्च विद्यार्थी व विद्यापीठ या दोघांनी उचलला. ही वाटणी मला तत्त्वतः पटते. इमारत कोसळू नये ही मालकाची जबाबदारी, आणि तिच्यात तालमीची खोली हवी ही वापरणाऱ्याची हौस.

मत मागताना जे सांगितले जात नाही ते देखभालीचे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी एक ठोकताळा दिला: इमारत नव्याने बांधायला जितका खर्च येईल, त्याच्या दोन ते चार टक्के दरवर्षी देखभाल-दुरुस्तीवर जायला हवेत. आपल्या दहा कोटींच्या उदाहरणात हे वर्षाला २० ते ४० लाख डॉलर होतात, म्हणजे माणशी आणखी ५० ते १०० डॉलर. यात वीज नाही, सफाई नाही, पगार नाहीत. नव्या इमारतीत पहिली दहा वर्षे काही बिघडत नाही, म्हणून ही रक्कम वाचवल्याचा आनंद होतो. छत, लिफ्ट आणि वातानुकूलन एकाच सुमारास म्हातारे होतात तेव्हा आनंद ओसरतो, आणि पुढची पिढी पुन्हा नव्या इमारतीसाठी मत द्यायला बसते, जुन्या इमारतीचे हप्ते फिटतात न फिटतात तोच. क्षेत्रफळाचेही असेच. प्रचाराच्या चित्रात दिसते त्या जागेखेरीज जिने, मार्गिका, स्वच्छतागृहे आणि यंत्रांच्या खोल्या असतात. बांधलेल्या क्षेत्राचा मोठा वाटा त्यांत जातो आणि त्या वाट्याचे चित्र कोणी काढत नाही. देणगीदारही इथे उपयोगी पडत नाहीत. दर्शनी सभागृहाला आपले नाव द्यायला माणसे पुढे येतात, पण पंधरा वर्षांनी बदलायच्या पाइपांवर नाव कोरून घ्यायला कोणी येत नाही.

दुसरा आक्षेप चैनीचा. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्चून व्यायाम-मनोरंजन केंद्र वाढवले. ते युनियन नव्हे, पण त्याचा पैसा याच जातीच्या विद्यार्थी-फीचा. त्यात विद्यापीठाच्या आद्याक्षरांच्या आकाराची, तराफ्यावर पडून तरंगायची कृत्रिम नदी आहे. राज्याकडून मिळणारे अनुदान वर्षानुवर्षे घटत असताना ही नदी वाहू लागली, म्हणून टीका झाली आणि पोरांच्या हाती पैसा दिला की असेच होणार असे बोलले गेले. मला दोष मतदारांचा वाटत नाही. विद्यार्थ्यांना मतपत्रिकेवर ‘नदी की ग्रंथालय’ असे कोणी विचारत नाही. या फीचा पैसा अध्यापनाकडे सहसा वळवता येत नाही, आणि अध्यापनाचा पैसा इकडे येत नाही. प्रश्न ‘नदी हवी की नको’ एवढाच असतो. प्रश्न कोण लिहितो यात अर्धा निकाल येतो, आणि तो बहुधा प्रशासन आणि त्याने नेमलेला सल्लागार लिहितो. त्या सल्लागाराच्या पाहणीत ‘तुम्हाला काय आवडेल’ याला भरपूर जागा असते, ‘किती भराल’ याला कमी, आणि ‘तुमच्या धाकट्या भावंडांनी किती भरावे’ याला अजिबात नसते.

म्हणून गाडी पुन्हा कारभारावर येते. उद्याच्या विद्यार्थ्याला इमारत बांधायची की नाही हे ठरवता येणार नाही, ते अटळ आहे. पण भाड्याने जागा कोणाला द्यायची, सभागृह क्लबांना फुकट मिळणार की लग्नाच्या मेजवान्यांना विकले जाणार, हे त्याला दरवर्षी ठरवता यायला हवे. सक्तीच्या फीचे कायदेशीर समर्थनही तो पैसा सगळ्यांचा आहे यावरच टिकून आहे. विस्कॉन्सिनच्याच एका खटल्यात २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी-उपक्रमांसाठीची सक्तीची फी एकमताने वैध ठरवली, पण वाटप करताना विचारसरणी पाहून डावे-उजवे करायचे नाही, अशी अट घातली. त्याच राज्यात १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना कारभारात आणि फीच्या वाटपात मोठा वाटा दिला होता. २०१५ मध्ये तो कायदा दुरुस्त करून कारभारातली त्यांची भूमिका सल्ला देण्यापुरती ठेवली गेली. विद्यापीठीय कारभारात अननुभवी पोरांनी इतक्या मोठ्या रकमा हाताळू नयेत, असे याचे समर्थन करता येईल. पण तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेण्याइतकी ती मुले शहाणी आणि त्याच इमारतीतले कॅन्टीन कोणाला द्यायचे हे ठरवण्याइतकी मात्र नाहीत, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

महाराष्ट्रात अजून या पायरीवर कोणी आलेले नाही. आपल्याकडे जिमखाना फी, विकास निधी, विद्यार्थी कल्याण निधी अशी शीर्षके पावतीवर असतात, ती ठरवताना सार्वमत होत नाही. महाविद्यालयीन थेट निवडणुका १९९० च्या दशकात हिंसाचारामुळे बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, पण त्या लांबणीवर पडत गेल्या. फीवर रोखे काढायची तर इथे चर्चाही नाही, आणि ती सुरू व्हावी अशी घाईही मला नाही. अमेरिकेतून काही उचलायचे असेल तर कर्जाआधी हिशेब उचलावा: जिमखान्याच्या नावाने वर्षभरात किती जमले, त्यातून कोणती खोली बांधली, तिला कुलूप किती दिवस होते आणि किल्ली कोणाकडे असते, हे फी भरणाऱ्यांनी निवडलेल्या मंडळासमोर दरवर्षी मांडायचे. त्याला नवा कायदा लागत नाही, प्राचार्यांची सही पुरते.