ट्रक कॅम्परची घरगुती दुरुस्ती : आधी पाणी, मग वजन, शेवटी हौस

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेले आणि हवे तेव्हा उतरवून अंगणात उभे करता येणारे छोटेखानी घर म्हणजे ट्रक कॅम्पर. झोपण्याची जागा ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावर, मागे हातभर ओटा, गॅसची शेगडी, लहानसा फ्रिज आणि जमलेच तर न्हाणीघर. अमेरिका आणि कॅनडात हा प्रकार जुना आहे. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये आपल्या कुत्र्याला घेऊन अशाच एका गाडीतून अमेरिका पाहायला निघाला होता. ‘रोसिनान्ते’ हे नाव दिलेली त्याची ती गाडी कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील संग्रहालयात आजही पाहता येते.

करोनाच्या काळात विमाने आणि हॉटेले बंद पडल्यावर चाकांवरच्या घरांना तेथे अभूतपूर्व मागणी आली. २०२१ या एका वर्षात कॅम्पर, ट्रेलर, मोटरहोम असे सर्व प्रकार मिळून सुमारे सहा लाख वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. तोपर्यंतचा हा उच्चांक होता. त्या घाईच्या काळात बांधल्या गेलेल्या घरांची हमीची मुदत आता संपली आहे. कार्यशाळेत मजुरीचा दर तासाला शंभर डॉलरच्या पुढे असतो आणि हंगामात नंबर लागायला कित्येक आठवडे जातात. त्यामुळे स्वतःच पाना-पेचकस हाती घेणाऱ्या मालकांची तेथे कमतरता नाही. मात्र यातले बहुतेक जण सुरुवात करतात ती सौर पॅनेल, नवी बॅटरी, रंगीत दिवे यांपासून. कॅम्पर निकामी होतो तो दिव्यांअभावी नव्हे. त्याचे दोन शत्रू आहेत : पाणी आणि वजन.

गळतीचा माग

घराची भिंत जागेवर स्थिर असते. कॅम्परची भिंत प्रत्येक खड्ड्यागणिक किंचित पिळली जाते. छताला व्हेंट, एअर कंडिशनर, अँटेना यांसाठी भोके पाडलेली असतात. कडांच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असतात आणि या सर्व जागा बुजवणारे सीलंट उन्हाने कडक होऊन तडकते. केसाएवढी फट पुरते. आत शिरलेले पाणी लाकडी सांगाड्यात आणि प्लायवूडमध्ये मुरते, आणि आतल्या छतावर डाग दिसेपर्यंत आतला सांगाडा अनेकदा वर्षभर कुजत आलेला असतो. केबिनवरच्या पुढच्या भागाच्या कपाळावर पिवळे छोटे दिवे असतात. धावत्या गाडीत पावसाचा मारा नेमका तेथे बसतो, म्हणून तपासणीची सुरुवात तेथूनच करावी.

तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. भिंत अंगठ्याने दाबून पाहावी. दबली तर आत काम आहे. सुतारकामाच्या दुकानात मिळणारा ओलावा मोजणारा मीटर उपयोगी पडतो. खिडकीत पंखा लावून बाकीच्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या, आत हवेचा किंचित दाब निर्माण करायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडायचे, ही युक्ती विशेष गुणकारी आहे. फुगे आले तेथे गळती. गॅसच्या नळीची गळती शोधायची आपली घरची पद्धतच ही, फक्त घराएवढ्या आकारात.

सांधा बुजवताना सर्वाधिक घोटाळा होतो तो सिलिकॉनमुळे. स्वस्त, सहज मिळणारे आणि दिसायला नेटके. पण त्यावर दुसरे कोणतेही सीलंट धड चिकटत नाही आणि पुढच्या खेपेस ते खरवडून काढण्यात दिवस जातो. योग्य पद्धत अशी की व्हेंट किंवा खिडकी पूर्ण काढावी, जुना मसाला प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा, चौकटीखाली ब्यूटाइलची पट्टी घालून स्क्रू आवळावेत आणि सपाट छतावर आपोआप पसरणाऱ्या सीलंटने स्क्रूंची डोकी झाकावीत. छत रबराचे असेल तर पेट्रोल, टर्पेंटाइन यांनी पुसू नये; रबर फुगते.

कूज सापडली तर तिच्यावर नुसते प्लायवूड ठोकणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. पाणी कोठून आले ते प्रथम शोधावे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा कॅम्पर बाहेरून उघडता येतो : कडांच्या पट्ट्या काढायच्या, पत्रा सोडवायचा, कुजलेले लाकूड घट्ट लाकूड लागेपर्यंत कापायचे, उरलेले पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच नवे बसवायचे. काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. फायबर ग्लासचे चिकटवलेले आवरण असलेल्या कॅम्परमध्ये मात्र हे सोपे राहत नाही.

कूज कोपऱ्यांत असेल तर प्रश्न पैशाचा उरत नाही, जिवाचा होतो. कॅम्पर उतरवताना चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर त्याचा सगळा भार येतो आणि अनेक कॅम्परमध्ये हे जॅक लाकडात शिरलेल्या स्क्रूंनीच धरलेले असतात. लाकूड मऊ झाले की ब्रॅकेट उपसून येते आणि हजार किलोचे घर एका बाजूला कलंडते. येथे नवे लाकूड, आरपार बोल्ट आणि मागे पोलादी पट्टी यांत काटकसर नको. काम चालू असताना कॅम्पर शक्य तितका खाली घेऊन त्याखाली भक्कम ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर त्याखाली शिरू नये.

वजनाचा हिशेब

अमेरिकेतील ट्रकच्या ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल, हा आकडा तीवर छापलेला असतो. कॅम्परच्या माहितीपत्रकात मात्र ‘कोरडे’ वजन असते. यात पाणी नाही, गॅस नाही आणि माणसेही नाहीत. चाळीस गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो वाढतात. दोन माणसे आणखी दीडशे. प्रत्येकी नऊ किलो गॅसचे दोन सिलिंडर टाकीसकट पस्तीस, जुन्या पद्धतीच्या दोन बॅटऱ्या पंचावन्न, कपडे-धान्य-भांडी शंभर. जवळपास पाचशे किलो झाले. ट्रकची मर्यादा ओलांडल्यावर लोक हवेच्या फुग्यांच्या स्प्रिंगा किंवा जादा कमानपाटे बसवतात. त्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते, गाडी सरळ दिसते. पण आस, चाके आणि ब्रेक तेच राहतात. मर्यादा किलोभरही वाढत नाही.

म्हणून विजेच्या बाबतीतला एक बदल खरोखर लाभाचा ठरतो. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी असा संकेत आहे, आणि तिचे वजन सुमारे अठ्ठावीस किलो असते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंची, आणि तिच्यातली बहुतेक सगळी वीज वापरता येते. पण एक काढली, दुसरी ठेवली, असे हे काम नाही. जुना चार्जर तिला पूर्ण भरू शकत नाही. ट्रकच्या अल्टरनेटरवरून भरायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर आणि पुरेशी जाड तार हवी. शून्य अंशाखाली ती भरली तर कायमची बिघडते, त्यामुळे कोलोरॅडोच्या हिवाळ्यात तिला घराच्या आत जागा द्यावी लागते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. याउलट जुने बल्ब काढून एलईडी लावण्यासारखा स्वस्त फायदा दुसरा नाही. शंभर वॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला तीनशे-चारशे वॉट-तास देते. दिवे, पंप आणि फोन यांना पुरे. एअर कंडिशनरचे स्वप्न त्यावर पाहू नये.

गॅसच्या जोडण्यांना मात्र हौशी हात लावू नये, एवढे येथे पुरे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा इशारा देणारे यंत्र जमिनीलगत असते. त्याच्यावर छापलेली मुदत पाहणे हे मालकाचे काम.

आपल्याकडे असा प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी एक फरक महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत ट्रक कॅम्पर हे वाहन नव्हे, तर ट्रकमधला ‘माल’ समजला जातो. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले; पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. हौद्यात उचलून ठेवलेले घर ‘माल’ ठरते की ‘बदल’, हे लाकूड कापण्यापूर्वीच आरटीओकडून लेखी घ्यावे.