घरातली मारहाण आणि मंडळातली माणसे

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी प्रसादाच्या द्रोणांत शिरा भरत होते. मदतीला एक नवी मुलगी उभी होती. लग्नाला दीड वर्ष झालेले, नवरा एच-१ वर, ही एच-४ वर. द्रोण मांडता मांडता ती हळूच म्हणाली, "काकू, हे चिडले की मला घराबाहेर काढतात. परवा रात्रभर गराजमध्ये बसले होते." मी म्हटले, "अगं, नव्या संसारात होतं असं. जरा सांभाळून घे." एवढ्यावर थांबले असते तरी बरे, पण मी आमच्या ह्यांना सांगून तिच्या नवऱ्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगायला लावल्या. नवरा हसतमुख, मंडळाच्या नाटकात काम करणारा. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्यानंतर ती मुलगी कुठल्याच कार्यक्रमाला दिसली नाही. पुढे कळले की सुट्टीला म्हणून त्याने तिला भारतात नेले आणि तिचा पासपोर्ट घेऊन तो एकटाच परत आला.

ती टोचणी मनातून जाईना, म्हणून मी इथे न्यू जर्सीतल्या एका हेल्पलाइनचे चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतले. गेली काही वर्षे शनिवारी फोनवर बसते. मी वकील नाही, पण तिथे जे शिकले ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे असे फार दिवस मनात होते.

सर्वांत आधी समेटाविषयी. भांडण दोघांचे असते तेव्हा मध्यस्थी चालते. जिथे एक माणूस दुसऱ्याला धाकात ठेवतो तिथे मध्यस्थाचा उपयोग एवढाच होतो, की बायकोने तोंड उघडले हे नवऱ्याला कळते. बाई घर सोडण्याच्या बेतात असते किंवा नुकतीच बाहेर पडलेली असते, तो काळ सर्वांत धोक्याचा. म्हणून तिच्या परवानगीवाचून कोणालाही, अगदी तिच्या पुण्याच्या आईलाही, काही कळवू नये. मी नेमके उलटे केले होते.

मग करायचे काय? ऐकून घ्यायचे, "तुझ्यावर माझा विश्वास आहे" म्हणायचे आणि एक नंबर द्यायचा. राष्ट्रीय हेल्पलाइन १९९६ पासून चालू आहे: १-८००-७९९-७२३३. चोवीस तास, फुकट, दुभाष्याच्या सोयीसह. जिवाला धोका असेल तर अर्थात ९११. आपल्याकडच्या बायकांसाठी आपल्याच बायकांनी काढलेल्या संस्थाही आहेत. १९८५ साली न्यू जर्सीत 'मानवी' सुरू झाली, १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये 'सखी', पाठोपाठ शिकागोत 'अपना घर' आणि कॅलिफोर्नियात 'मैत्री' व 'नारिका'. सासू, दिराची नोकरी, "लोक काय म्हणतील" हे तिथे पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाही. वकील, दुभाषी, कधी राहण्याची जागा, कोर्टात सोबत, अशी मदत तिथून मिळू शकते.

फोनवर सर्वांत जास्त ऐकू येणारी धमकी म्हणजे "तुला डिपोर्ट करीन." नवऱ्याच्या हातात तो अधिकार नाही. १९९४ च्या कायद्याने, ज्याला सगळे 'व्हावा' म्हणतात, नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या छळ झालेल्या बायकोला नवऱ्याला न कळू देता स्वतःचा अर्ज करता येतो. फॉर्म आय-३६०. घटस्फोट झाला असला तरी दोन वर्षांच्या आत, छळाशी त्याचा संबंध दाखवून, अर्ज करता येतो. एच-४ वाल्या बायकांना मात्र ही वाट नाही, आणि आपल्याकडे बहुतेक त्याच असतात. त्यांना छळाच्या कारणावरून काम करण्याचा परवाना मागता येतो, तो फॉर्म आय-७६५व्ही. तसेच गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना सहकार्य करणारीला यू व्हिसाचा अर्ज करता येतो, पण वर्षाला दहा हजारच दिले जातात आणि रांग फार लांब आहे. नवऱ्यापासून संरक्षणाचा हुकूम मागायला मात्र व्हिसा कुठला हे आडवे येत नाही. इथे न्यू जर्सीत त्याला फी नाही, आणि रात्री कोर्ट बंद असले तरी पोलिस ठाण्यातून तो मागता येतो.

एक गोष्ट बायका फोनवरसुद्धा आडून आडून बोलतात. लग्न झाले म्हणून जबरदस्तीला मुभा मिळत नाही. १९९३ पासून अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो गुन्हा आहे. इस्पितळात पुराव्याची तपासणी फुकट होते आणि त्यासाठी पोलिसांत तक्रार करावीच लागते असे नाही. शक्यतो पाच दिवसांच्या आत जावे, आणि जमल्यास आंघोळीआधी.

आता पैशाचे, कारण या सदरात ते हवेच, आणि बायका परत जातात त्या बहुतेक वेळा पैशापायीच. मार बसत नाही पण किराणाचे पैसे मोजून मिळतात, पावती दाखवावी लागते, पगार परस्पर त्याच्या खात्यात जातो, हाही छळच. अशा बाईला मी पहिल्यांदा कागद जमवायला सांगते: पासपोर्ट, आय-९४, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, टॅक्स रिटर्न, घराचे कागद, दागिन्यांचे फोटो आणि लॉकरचा नंबर. प्रती विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवाव्यात. मूळ कागद उचलण्याची घाई करू नये, कपाट रिकामे दिसले की संशय येतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी पासपोर्ट आणि आयटीआयएन यांवर खाते उघडणाऱ्या बँका आहेत. खाते दुसऱ्याच बँकेत असावे आणि पत्रे घरी येऊ देऊ नयेत.

संयुक्त टॅक्स रिटर्नवर "इथे सही कर" म्हटले की आपण करतो. पण त्या सहीने कराची पूर्ण जबाबदारी दोघांवरही येते, घटस्फोटानंतरही. त्याने उत्पन्न लपवले असेल तर फॉर्म ८८५७ भरून सुटका मागता येते. आणि लग्न दहा वर्षे टिकले असेल व पुन्हा लग्न केले नसेल, तर बासष्टीनंतर घटस्फोटित नवऱ्याच्या नोंदीवर सोशल सिक्युरिटी मिळू शकते. एका बाईचे लग्न साडेनऊ वर्षांचे होते. निर्णय तिचाच, पण हे ठाऊक असून घेतलेला निर्णय वेगळा.

फोनचे विसरू नये. फॅमिली प्लॅनच्या बिलात कुठे फोन केला ते दिसते. लायब्ररीतला किंवा मैत्रिणीचा फोन वापरावा. २०२२ च्या कायद्याप्रमाणे छळ झालेल्या व्यक्तीने मागितल्यास कंपनीला तिची लाइन वेगळी करून द्यावी लागते.

मंडळाच्या कार्यक्रमांना आम्ही आता बायकांच्या स्वच्छतागृहात नंबराच्या छोट्या चिठ्ठ्या लावतो, ओढली की निघेल अशा, बांगडीत किंवा बटव्यात मावेल एवढ्या. त्यावर मंडळाचे नाव नाही, फक्त आकडे. पहिल्या वर्षी "सणासुदीला हे काय" म्हणून कुरकुर झाली. गेल्या दिवाळीला रात्री खुर्च्या आवरताना पाहिले, चार चिठ्ठ्या गेल्या होत्या. कोणी नेल्या ते आम्ही विचारत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी नव्या छापून तयार आहेत. इतर मंडळांना हव्या असल्यास कार्यकारिणीकडे मागाव्यात.