शेक, चटका आणि शरीराची उष्णता

'दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला' ही म्हण आपण चुकीच्या जागी केलेल्या उपायाला लावतो. परंतु अग्नीने दुखणे बरे करण्याची कल्पना फार जुनी आहे आणि चीनमध्ये तर तिची स्वतंत्र विद्याच झाली. आपण ज्याला सुया टोचण्याचा उपचार म्हणतो, त्याच्या चिनी नावात शब्द दोन आहेत : सुई आणि शेक. चीनमध्ये मावांगतुई येथे इसवी सनापूर्वी १६८ सालचे एक थडगे आहे. १९७३ साली त्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ निघाले. त्यांत शेक आहे, सुया नाहीत.

या शेकासाठी जी वनस्पती वापरतात ती आपल्या दवण्याच्या नात्यातलीच. तिची पाने वाळवून, कुटून, चाळली की मऊ कापूस उरतो. जपानी लोक त्याला मोगुसा म्हणतात. त्यावरूनच युरोपात 'मॉक्सा' हा शब्द रूढ झाला. हा कापूस भडकत नाही, उदबत्तीसारखा धुमसतो.

आता पदार्थागणिक फरक कसा पडतो ते पाहू. तांदळाच्या दाण्याएवढी मॉक्साची गोळी थेट कातडीवर जाळली, तर तेथली उष्णता झटकन चढते आणि झटकन उतरते. मध्ये आल्याची चकती ठेवली, तर आल्यातले पाणी आधी तापावे लागते. म्हणून ऊब सावकाश येते आणि बराच वेळ टिकते. कांडी दोन-तीन सेंटिमीटर वर धरली, तर विस्तवाची आच तेवढी अंगाला लागते.

आपल्या सुश्रुतानेही हा भेद ओळखला होता. कातडीच्या विकारांना पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाण व सळई. मांसाच्या विकारांना धातू. शिरा, सांधे व हाडे यांसाठी मध, गूळ व स्नेह, असे त्याने सांगितले आहे. पाकाचा चटका ज्यांना बसला आहे, त्यांना गूळ कसा चिकटून भाजतो हे वेगळे सांगायला नको.

पण यापैकी कशाने सबंध अंगाची उष्णता वाढते काय? आम्ही साधा हिशेब मांडतो. पन्नास किलो वजनाच्या माणसाचे शरीर एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४० किलोकॅलरी लागतात. काही मिलिग्रॅमच्या गोळीतून त्याचा हजारावा हिस्साही निघत नाही. शिवाय शेक लागताच तेथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी लाल होते आणि वाहते रक्त ती ऊब दूर नेते. शरीर आपले ३७ अंश सोडत नाही. बदलते ती कातडी; एरवी ती ३३ अंशांच्या आसपास असते. ४५ अंशांच्या सुमारास तिला वेदना होऊ लागते आणि ६० अंशांना अवघ्या पाच सेकंदांत ती खोल भाजते. शेक आणि इजा यांच्यातले अंतर असे थोडे आहे.

म्हणूनच ही गोष्ट केवळ कुतूहलाची राहत नाही. मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापल्या विळ्याने पोटावर चटके द्यायचे, याला डंबा म्हणतात. असे प्रकार अलीकडच्या वर्षांतही उघडकीस आले आहेत. शहरातही काविळीला डाग घेणारे काही कमी नाहीत. तापलेले लोखंड उष्णता फार जलद सोडते आणि बालकाची कातडी पातळ असते. आतले दुखणे आहे तिथेच राहते, वर जखम मात्र होते.

पोट फुगले, तर मुलाला तडक दवाखान्यात न्यावे. अंग गार पडले, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. मोठ्या माणसाला जी ऊब कोणताही विस्तव सुखरूप देऊ शकत नाही, ती बाळाला ३७ अंशांच्या या एका शेकाने खरोखर मिळते, आणि त्याचा डाग उरत नाही.